कोपर्निकस मार्गावरून गुरूकडे

दिल्लीतले जुने महाराष्ट्र सदन ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव कोपर्निकस मार्ग. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या बाजूला जाणारा हा रस्ता. कमानी सभागृह इथेच आहे, म्हणून दिल्लीकर इथे संध्याकाळी नाटका-गाण्याला येतात. मराठी माणूस सरकारी कामाला आला की आधी इथे सामान टाकतो. पृथ्वी स्थिर नाही, ती सूर्याभोवती फिरते, हे १५४३ साली ग्रंथात मांडणाऱ्या पोलिश विद्वानाच्या नावाने आपल्या राज्याच्या पाहुणेघराचा पत्ता लिहिला जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोपर्निकसवर तेव्हा एक आक्षेप घेतला जाई. पृथ्वी जर एवढ्या वेगाने पळत असेल तर चंद्र तिच्याबरोबर कसा राहतो? मागे का पडत नाही? त्याचे उत्तर ६७ वर्षांनी सापडले, आणि ते गुरू ग्रहाजवळ सापडले.

२०२५च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असलेल्या १९५४च्या संमेलनानंतर दिल्लीला हा मान पुन्हा मिळत होता. त्यासाठी आलो होतो, पण संमेलन आटोपल्यावर मुक्काम मुद्दाम वाढवला. कारण साधे होते. त्या दिवसांत सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला की गुरू दिल्लीच्या जवळजवळ डोक्यावर येत होता. महाशिवरात्र तोंडावर होती, त्यामुळे संध्याकाळच्या आकाशात चंद्र नव्हता. प्रयागला महाकुंभ चालू होता आणि स्टेशनांवर गर्दी मावत नव्हती. त्या गर्दीचे वेळापत्रकसुद्धा गुरूनेच ठरवलेले होते. गुरू वृषभेत आणि सूर्य मकरेत आला की प्रयागचा कुंभ. गुरू सिंहेत आला की आपल्या नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ. कन्येत आला की कृष्णेवरचे कन्यागत पर्व. गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे राशीमागे साधारण एक वर्ष. सूर्यसिद्धान्तात ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात गुरूच्या ३,६४,२२० फेऱ्या सांगितल्या आहेत. भागाकार करून पाहा, तोच आकडा येतो. दुर्बीण नसताना, पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या डोळ्यांनी वेध घेऊन हा आकडा मिळवलेला आहे.

अशा वेधांसाठीच बांधलेली जागा दिल्लीत आहे, ती म्हणजे जंतरमंतर. नाव घेतले की आता बहुतेकांना उपोषणे आणि घोषणा आठवतात. २०११च्या एप्रिलमध्ये अण्णा हजारे इथेच बसले होते. पण ते आंदोलन बाहेरच्या रस्त्यावरचे. तिकीट काढून आत गेले की तांबड्या रंगाच्या विचित्र आकाराच्या इमारती हिरवळीत उभ्या दिसतात आणि शहराचा आवाज एकदम कमी होतो. आमेरच्या सवाई जयसिंगाने ही वेधशाळा बांधली. इथल्या एका पाटीवर १७१० साल आहे. अभ्यासक मात्र १७२४ हे साल धरतात, आणि तेच पटते.

सगळ्यांत मोठे सम्राट यंत्र. सुमारे ७० फूट उंचीचा त्रिकोण, त्याच्या कण्यावरून वर चढत गेलेल्या पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना पसरलेले वर्तुळाचे दगडी चाप. त्रिकोणाची उतरती कड १२८ फुटांची आहे. ती जमिनीशी जो कोन करते तो दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे २८ अंश आणि वर थोडे. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते आणि तिचे टोक ध्रुवाकडे रोखलेले राहते. दिवसा तिची सावली चापावर सरकते आणि वेळ सांगते, एवढे सगळे मार्गदर्शक सांगतात. रात्री याचा उपयोग काय, हे फारसे कोणी विचारत नाही. रात्री निरीक्षक चापाच्या कडेशी डोळा नेई आणि जिथून तो ग्रह त्रिकोणाच्या कडेला नेमका टेकलेला दिसे तो बिंदू शोधी. चापावर तिथे जी खूण असेल ती वाचली की ग्रह मध्यरेषेपासून किती सरकला आहे ते कळे. दुसरा माणूस त्या तिरप्या कडेवर योग्य जागा दाखवी, त्यावरून ग्रह विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते निघे. एवढा मोठा दगडी डोलारा कशासाठी, तर वर्तुळ जितके मोठे तितके अंशांचे भाग बारीक करता येतात. हे सगळे समजून घेऊन मी चापाच्या कडेशी वाकून वर पाहिले, तेव्हा आकाशाच्या आधी समोरच्या पालिका केंद्राची उंच इमारत डोळ्यांत भरली. आता इथून वेध घेणे कठीणच. शिवाय अंधार पडायच्या आत शिट्टी वाजते आणि फाटक बंद होते. वर्षातून काही रात्री तरी ही जागा अभ्यासकांना आणि शाळेच्या मुलांना उघडी करून द्यावी, असे मनापासून वाटते.

पण जंतरमंतरला गुरूसाठी येण्याचे कारण या इमारती नव्हेत. जयसिंगाने आपल्या वेधांवरून जो कोष्टकांचा ग्रंथ तयार करवला, तो 'झीज-इ-मुहम्मदशाही'. बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने अर्पण केलेल्या या फारसी ग्रंथात दुर्बिणीचा उल्लेख आहे. दुर्बिणीतून बुध आणि शुक्र चंद्रासारख्या कला दाखवतात, शनी लांबट दिसतो, सूर्यावर डाग असतात आणि गुरूभोवती चार तेजस्वी तारे फिरताना दिसतात, असे त्यात नोंदवले आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर हिंदुस्थानातल्या एका राजाच्या ग्रंथात गुरूचे चार चंद्र आलेले आहेत! शाळेत आपल्याला जयसिंग दगडी यंत्रांपुरताच शिकवतात, ही नोंद कोणी सांगत नाही.

मग हा माणूस दुर्बिणीकडे का वळला नाही? याचे एक कारण असे की दुर्बीण तेव्हा दाखवण्याचे काम उत्तम करी, मोजण्याचे नाही. अंश-कला मोजायला तिच्यावर सूक्ष्म मापनाची जोड लागते, ती त्याच्यापर्यंत आली नव्हती. त्याने पोर्तुगालला मंडळ पाठवले, युरोपातून ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके मागवली आणि आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या जागेत त्याला अर्ध्या अंशाची चूक आढळली आणि त्याने ती स्पष्ट लिहून ठेवली. परदेशी पुस्तक आले म्हणून मान तुकवली नाही, आणि परदेशी म्हणून फेकूनही दिले नाही. कोपर्निकसचा विचार मात्र त्याच्यापर्यंत नीट पोहोचला नाही असे अभ्यासक मानतात. त्याचा संपर्क होता तो जेझुइट पाद्र्यांशी, आणि कॅथलिक चर्चमध्ये तो विचार तेव्हा निषिद्ध होता. गुरूचे चंद्र आले, पण त्यांनी युरोपात जो वाद पेटवला तो वाद बरोबर आला नाही.

जाता जाता एक गोष्ट. ही वेधशाळा उभी राहून तेरा वर्षे झाली होती, तेव्हा १७३७च्या मार्चमध्ये बाजीराव पेशव्याची फौज दिल्लीच्या वेशीवर आली आणि तालकटोऱ्याच्या परिसरात तिचा तळ पडला. बादशहा तोच, मुहम्मदशहा. संमेलनाच्या मंडपातून जंतरमंतरला येताना आपण याच पट्ट्यातून येतो.

जंतरमंतरनंतर तीन मूर्ती भवनाच्या आवारातले नेहरू तारांगण. ते फार वेळ घेत नाही, पण चुकवू नये. ६ फेब्रुवारी १९८४ला इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी राकेश शर्मा अवकाशात गेले. ते गेले सोयूझ टी-११ यानातून आणि परतले टी-१० मधून. ती परतीची कुपी इथे ठेवलेली आहे. वातावरणात शिरताना भाजून काळवंडलेला तिचा पत्रा जवळून बघता येतो. तीन माणसे एवढ्याशा जागेत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती यावर पटकन विश्वास बसत नाही.

संध्याकाळी मंडी हाऊसहून मेट्रोची निळी लाइन पकडली आणि यमुना ओलांडून नोएडाला भाचीकडे गेलो. ती तिथे नोकरी करते आणि आठ इंची आरशाची डॉब्सन दुर्बीण बाळगून आहे. डॉब्सन म्हणजे लाकडी फिरत्या बैठकीवरची साधी नळी. मोटर नाही, तारा सरकेल तसे हाताने हळूहळू ढकलायचे. सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाक्या, खाली हायवेचे दिवे. आकाश काळे नव्हतेच, नारिंगी-करडे होते. कृत्तिकांचा पुंजका, जो कोकणात अंगणातून स्वच्छ दिसतो, तो इथे डोळे ताणून तीन-चार ठिपक्यांपुरता उरला होता. मृगातले तारे दिसत होते, व्याध दिसत होता. शनी मावळतीच्या धुरकटात गेलेला. आणि या सगळ्यावर, रोहिणीच्या तांबूस ताऱ्याजवळ, गुरू असा ठळक तळपत होता की विमानतळाकडे जाणाऱ्या विमानांचे दिवेही त्याच्यापुढे फिके वाटावेत. दिल्लीच्या हवेने तारे गिळले, ग्रह नाही गिळता आले.

"मामा, डोळा लाव, पण नळीला हात लावू नकोस," भाचीने बजावले. हात लागला की प्रतिमा नाचते.

गुरू पिवळसर पांढरा, आणि गोल नाही, किंचित चपटा. ही नजरेची चूक नव्हे. त्याचा विषुववृत्तावरचा व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर आणि ध्रुवांमधला सुमारे १,३४,०००. हा अजस्र गोळा दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून मधे फुगतो. पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमान, पण उभे राहायला जमीन नाही. वर ढग, खाली हायड्रोजन आणि हेलियम, आणखी खाली दाब इतका की हायड्रोजन आधी द्रव होतो आणि मग धातूसारखा वीज वाहून नेतो. गुरूचे प्रचंड चुंबकीय क्षेत्र तिथूनच उपजते. बिंबावर दोन मातकट पट्टे आडवे दिसत होते. पहिल्या मिनिटाला ते पुसट वाटले. भाची म्हणाली, घाई करू नकोस, हवा थांबायची वाट बघ. खरेच, गच्चीच्या तापलेल्या सिमेंटवरून उठणारी हवा बिंबाला उकळत्या दुधासारखे हलवत होती, आणि मधेच एखादा क्षण ती स्थिर झाली की पट्ट्यांच्या कडा, त्यांतल्या गाठी, सगळे एकदम कोरल्यासारखे समोर येई आणि पुन्हा विरघळे. ग्रह बघण्याची कला म्हणजे त्या क्षणांची वाट बघणे. जास्त ताकदीच्या भिंगाने काम होत नाही. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, बदलून बिंब मोठे केले तेव्हा ते नुसतेच जास्त थरथरले.

आणि चंद्र. बिंबाच्या दोन्ही अंगांना एका सरळ रेषेत मांडलेले ठिपके. त्या वेळी तीनच होते.

"चौथा गुरूच्या सावलीत आहे," भाचीने मोबाइलमधल्या वेळा पाहून सांगितले. "आयो. थोड्या वेळात निघेल. बिंबाच्या कडेला नाही, जरा लांब बघ."

हे 'जरा लांब' समजून घेण्यासारखे आहे. गुरू सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हा त्याची सावली त्याच्या पाठीमागे लपते, आपल्याला दिसत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र गुरू सूर्यापासून आकाशात सुमारे ९० अंशांवर होता, त्यामुळे सावली एका बाजूला पडत होती. चंद्र ग्रहाच्या मागून केव्हाच बाहेर आलेला असतो, तरी अंधारातच असतो. मी डोळा लावून बसलो. बिंबाच्या बाजूची काळी जागा, तिथे काहीच नाही. मग तिथे अगदी क्षीण काहीतरी आहे की नाही असा संशय. मग नक्की आहे. आणि काही मिनिटांत तो ठिपका इतर तिघांच्या तोडीचा झाला. एक जग माझ्या डोळ्यांदेखत उन्हात आले. गुरू तेव्हा सुमारे ७३ कोटी किलोमीटरवर होता, म्हणजे आयो खरोखर बाहेर आला तो आम्हाला दिसण्याच्या सुमारे ४० मिनिटे आधी, मी मेट्रोत होतो तेव्हा.

प्रकाशाला वेळ लागतो ही गोष्ट माणसाला कळली ती याच चंद्राच्या याच दृश्यावरून. १६७६ साली पॅरिसमध्ये ओल रोमर हा डेन्मार्कचा ज्योतिर्विद आयोच्या ग्रहणांच्या वेळा तपासत होता. पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत आयो सावलीतून ठरल्यापेक्षा उशिरा बाहेर येतो, हे त्याच्या ध्यानात आले. नोव्हेंबरातले एक ग्रहण दहा मिनिटे उशिरा होईल असे त्याने आधीच जाहीर केले. चंद्र उशीर करत नाही, त्याच्या प्रकाशाला जास्त वाट चालावी लागते, हा त्याचा निष्कर्ष. फेब्रुवारीत नोएडाच्या गच्चीवरही मांडणी तीच होती: पृथ्वी गुरूपासून दूर चाललेली, आयो सावलीतून निघणारा. या ग्रहणांचा त्या काळी आणखी एक मोठा उपयोग होता. जगात कुठूनही ग्रहण एकाच क्षणी दिसते, म्हणून दोन गावांतल्या स्थानिक वेळांतला फरक काढला की त्यांच्या रेखांशांतला फरक कळतो. युरोपातले नकाशे या चंद्रांवरून दुरुस्त झाले.

गॅलिलिओने हे ठिपके प्रथम ७ जानेवारी १६१० रोजी पाहिले. त्यालाही त्या रात्री तीनच दिसले होते. आठवड्याभरात चौथा सापडला. गुरू चालतो आणि त्याचे चंद्र त्याच्याबरोबर जातात, मागे पडत नाहीत. कोपर्निकसवरच्या आक्षेपाचे उत्तर असे आले. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही नावे चारच वर्षांनी सिमॉन मारियुसने वापरली. आज गुरूच्या चंद्रांची संख्या शंभराच्या घरात आहे, आणि शनीने तर २०२५च्या मार्चमध्ये १२८ नवे चंद्र मान्य होऊन २७४चा आकडा गाठला. पण छोट्या दुर्बिणीत गुरूचे चारच, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. गॅनिमीड बुध ग्रहापेक्षाही मोठा. युरोपावर बर्फाचे कवच आणि त्याखाली, सगळ्या पुराव्यांनुसार, खाऱ्या पाण्याचा समुद्र. नासाचे युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडे निघाले आहे, ते २०३० मध्ये पोहोचेल; युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस २०३१ मध्ये. कॅलिस्टो खड्ड्यांनी भरलेला, शांत. आणि आयो सगळ्यांत अशांत: १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाने पाठवलेल्या छायाचित्रात त्याच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. हे ज्वालामुखी पेटवतात ते शेजारचे चंद्र. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. तिघे असे तालात बांधलेले आहेत, त्यामुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. गुरू त्याला कधी जवळून कधी लांबून ओढतो आणि तो आतून मळला जाऊन तापत राहतो.

या तालाचे गणित अठराव्या शतकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने मांडले. आणि इथे मराठी वाचकाला एक नाव सांगितलेच पाहिजे: व्यंकटेश बापूजी केतकर. १८५४ मध्ये नरगुंदला जन्मलेले, बागलकोटला शिक्षकी केलेले, 'ज्योतिर्गणितम्' लिहून पंचांगाचे गणित आधुनिक वेधांशी जुळवणारे केतकर. त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. गुरूच्या चंद्रांत लाप्लासला दिसलेला ताल बाहेरच्या ग्रहांनाही लागू असेल असे धरून त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह सुचवले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट काढले आणि फेरीचा काळ २४२ वर्षे. १९३० मध्ये प्लूटो सापडला: अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे. प्लूटो त्यांच्या लेखावरून शोधला गेला नाही, आणि त्याचा नेपच्यूनशी ताल त्यांनी धरला होता त्याहून वेगळा निघाला. विष्णू तर सापडलाच नाही. तरीही वेधशाळा नाही, मोठी दुर्बीण नाही, अशा गावात बसून एका शिक्षकाने गुरूच्या चंद्रांवरून सूर्यमालेच्या कडेपर्यंत विचार नेला. केतकर त्याच वर्षी, १९३० मध्ये वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना जागा मिळायला हवी, आणि ती जयसिंगाच्या शेजारी हवी.

भाची मधूनमधून नळी ढकलत होती. डोक्यावरचा ग्रह डॉब्सनला सांभाळायला सर्वांत अवघड, कारण नळी उभी झाली की थोडे बाजूला सरकण्यासाठीसुद्धा बैठक भरपूर फिरवावी लागते. शेजारच्या फ्लॅटमधली दोन मुले वर आली, रांग लावून बघून गेली, मग आपल्या आजीला घेऊन आली. आजींनी बराच वेळ डोळा हलवला नाही. "ये तो सच में हैं," एवढेच म्हणाल्या. तोवर आयो सावलीच्या जागेपासून चांगलाच बाहेर सरकला होता. सेकंदाला १७ किलोमीटर हा त्याचा वेग. तासाभरात तो गुरूच्या जवळजवळ अर्ध्या व्यासाइतका पुढे जातो.

यासाठी आठ इंची दुर्बीण लागत नाही. दहा बाय पन्नासची साधी द्विनेत्री भिंतीला किंवा खांबाला टेकवून स्थिर धरली तरी हे चार चंद्र दिसतात, आणि लागोपाठच्या संध्याकाळी त्यांच्या जागा वहीत मांडल्या तर ते फिरताना कळतात. नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२६-२७चा. भाद्रपदाच्या सुमाराच्या स्नानांना सूर्यही सिंहेत असल्याने गुरू त्याच्या प्रकाशात लोपलेला असेल. पण फेब्रुवारी २०२७ मध्ये तो सिंह तारकासमूहात रात्रभर दिसणार आहे. त्या महिन्यात मुलांना गच्चीवर न्या आणि त्यांना ते चार ठिपके स्वतः मोजू द्या.